पन्नासावं मत

बाबाजीपुऱ्यातली मराठी शाळा, पहाटेचे साडेपाच.
पट संपला तशी शाळाही मिटली;
आता निवडणूक आली की तेवढं कुलूप निघतं.
पहिलीची बाकं, त्यांत न मावणारे आमचे गुडघे,
यंत्र, चिठ्ठ्यांची पेटी, लाख, दोरा, मेणबत्ती
आणि मी, पाणीपुरवठा खात्यातली कारकून,
आजच्यापुरती केंद्राध्यक्ष.

नियम असा की खऱ्या मतदानाआधी
लुटुपुटीचं करून दाखवायचं,
कमीत कमी पन्नास मतं, एजंटांच्या समक्ष.
पंधरा मिनिटं वाट पाहिली.
एक नंबरचा एजंट फिरकला नाही. त्याला काय घाई?
त्यांचा निकाल गणपतीतच लागला होता,
पेढ्यांची ऑर्डरसुद्धा गेली होती म्हणे,
आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं.
मलाही नाही.

आले एकटे विश्रामराव घोसाळकर.
तीन नंबर, अपक्ष, शिलाई मशीन.
इस्त्रीचा सदरा, पिशवीत डबा,
चष्म्याची दुसरी जोडी, बीपीची गोळी.
सव्वीस वर्षं कुणा ना कुणा हरणाऱ्याचे एजंट.
"अनामत वाचलेली एकदाच पाहिली," म्हणाले,
"तीही फेरमोजणीत गेली."

मग बसले बटणं दाबायला.
एक नंबरला दहा, मोजून, कुरकुर न करता.
दर दाबाला यंत्राची लांबट शीळ,
काचेआड सात सेकंद चिठ्ठी, मग टप्‌कन खाली.
"यांना जन्मात पहिल्यांदा देतोय,
आणि नेमकी धरायची नाहीत."
दोन नंबरला दहा. स्वतःच्या मशीनला दहाच.
म्हटलं, काका, एखादं जास्त टाका, कोण बघतंय?
"तुम्ही बघताय ना."
चौथ्याला दहा, ज्याला त्याची गल्लीही ओळखत नाही.
नोटाला नऊ.
मग खुर्ची मागे सारून, "हे शेवटचं तुमचं.
कुठलंही दाबा."
आणि पाठ करून उभे राहिले फळ्याकडे तोंड करून,
जिथे कुणाच्या तरी हातचा ज्ञ अजून होता.

दाबलं.

निकाल उघडला. त्यांनी आकडे कागदावर उतरवले,
एका आकड्यापाशी पेन जरासं अडलं,
मग सही केली. बोलले काही नाहीत.
मी सगळं पुसलं. पाचही शून्य.
चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्के मारले,
काळ्या लिफाफ्यात घातल्या, वर लाख.

सातला मितेश आला, एक नंबरचा, मागे चौघं,
खमण, चहाचा थर्मास. विश्रामरावांच्या पाया पडला;
गणिताच्या शिकवणीला त्यांच्याकडेच असायचा.
"काका, खाई लो ने."
काकांनी खाल्लं. चटणी मागून घेतली.
दिवसभर दोघं एका बाकावर, एकाच यादीवर
दोन रंगांच्या पेनांनी खुणा करत.
दुपारी मितेश झोपला तेव्हा
काकांनी त्याच्याही यादीत खुणा केल्या.

संध्याकाळी सहाशे एकेचाळीस.
त्यांच्या कागदावरही सहाशे एकेचाळीस.
"जुळलं," म्हणाले, जणू तेवढ्यासाठीच आले होते,
आणि सायकलचं कुलूप काढायला गेले.

मोजणीच्या दिवशी अकरालाच फटाके वाजले.
मी मांडवीकडे मीटर उतरवत होते.
घरी टपाली मतपत्रिकेचा माझा अर्ज
फ्रिजवर, चुंबकाखाली,
भरलेला, सहीसकट, द्यायचा राहून गेलेला.

म्हणजे या खेपेला माझं मत एकच,
कुठल्याशा कोठारात, काळ्या लिफाफ्यात,
ज्याने कुणी जिंकत नाही की हरत नाही.
गुप्त म्हणावं, तर तसंही नाही.
विश्रामरावांना ठाऊक आहे.